शेंगेत वाढणारे सोंडे : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

एक्सापिऑन हा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या सोंड्यांचा वंश. गॉर्स, ब्रूम, जेनिस्टा अशा शिंबावर्गीय झुडपांच्या हिरव्या शेंगांत त्याच्या अळ्या वाढतात आणि आतल्या बिया खातात. या वंशाबद्दल आणि त्याच्या जवळच्या नातेवाइकांबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : गॉर्सच्या झुडपावर राखाडी रंगाचा, लांब सोंडेचा बारीक कीटक दिसतो. तो एक्सापिऑनच आहे हे कशावरून ठरवायचं? धान्यात पडतात त्या सोंड्यांपेक्षा तो वेगळा कसा?

आधी मिशा पाहा. धान्यातल्या सोंड्याच्या मिशा कोपरात मोडल्यासारख्या असतात, कारण त्यांचा पहिला सांधा लांब असतो. एक्सापिऑनच्या मिशांना असं कोपर नसतं, त्या जवळपास सरळ दिसतात. म्हणूनच हा गट आता ब्रेंटिडी कुळात, ॲपिऑनिनी या उपकुळात ठेवतात. जुन्या पुस्तकांत हे सगळे ‘ॲपिऑन’ या एकाच मोठ्या वंशात सापडतील. नाव जुळत नाही म्हणून गोंधळू नका, ॲपिऑन युलिसिस आणि एक्सापिऑन युलिसिस हा एकच कीटक आहे.

शरीराचा आकार नाशपातीसारखा, मागे फुगीर आणि पुढे निमुळता. पायाचं दुसरं पेर या उपकुळात लांबट असतं, त्यामुळे मांडी कमरेच्या पेरापासून स्पष्ट सुटलेली दिसते. एवढ्यावरून उपकूळ कळतं. वंश ठरवायला सोंडेचं बूड पाहावं लागतं. एक्सापिऑनमध्ये मिशा सोंडेच्या टोकाजवळ किंवा मध्यावर नसतात, डोळ्यांच्या लगेच पुढे निघतात आणि त्या जागी सोंडेच्या दोन्ही बाजूंना दातासारखा टोकदार उंचवटा असतो. अंगावर राखाडी किंवा तपकिरी खवले असतात. दहापट भिंगातून आकार आणि मिशा कळतात. तो दात नीट पाहायला तीस-चाळीसपट सूक्ष्मदर्शक लागतो आणि कीटक वरून आणि बाजूने, दोन्हीकडून पाहावा लागतो.

मादीची सोंड नराच्या सोंडेपेक्षा लांब आणि बारीक असते. एकाच झुडपावर लांब आणि आखूड सोंडेचे कीटक मिळाले की अनेकजण दोन जाती लिहून मोकळे होतात. बहुतेक वेळा ती नर-मादीची जोडी निघते.

प्रश्न : जातीपर्यंत ओळख पटवायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

झाडापासून. या गटात यजमान वनस्पती चुकली की पुढचं सगळं चुकतं, आणि नव्याने काम करणाऱ्यांकडून सर्वाधिक चुका इथेच होतात. कीटक अगदी जपून आणतात आणि झाडाबद्दल मात्र ‘पिवळ्या फुलांचं झुडूप’ एवढंच लिहितात. गॉर्स, ब्रूम आणि जेनिस्टा या तिघांचीही फुलं पिवळी असतात आणि तिघं शेजारी-शेजारी वाढू शकतात.

एक्सापिऑन युलिसिस युलेक्स युरोपियस म्हणजे साध्या गॉर्सवर, वसंतातल्या शेंगांत वाढतो. एक्सापिऑन लेमोविसिनम युलेक्स गॅली आणि युलेक्स मायनर या उशिरा फुलणाऱ्या गॉर्सवर असतो. एक्सापिऑन फस्किरोस्ट्रे स्कॉच ब्रूमवर, म्हणजे सायटिसस स्कोपेरियसवर मिळतो. जेनिस्टा अँग्लिकावर एक्सापिऑन जेनिस्टी, तर जेनिस्टा टिंक्टोरियावर एक्सापिऑन डिफिसिले. हे सर्व यजमान जेनिस्टी या एकाच गणातले आहेत. या गणातल्या वनस्पतींत सायटिसिन, स्पार्टीन यांसारखी कडू, विषारी अल्कलॉइडं असतात आणि ती पचवणारे कीटक थोडेच.

एक पथ्य कायम पाळा. झुडपावर बसलेला प्रौढ कीटक त्याच झुडपात वाढला असेल असं धरू नका. थंडीत आणि फुलांच्या हंगामाबाहेर हे सोंडे शेजारच्या कुठल्याही झुडपावर आडोशाला बसलेले मिळतात. शेंगेतून निघालेला कीटक हाच यजमानाचा खरा पुरावा. झोडपून मिळालेल्या कीटकाच्या नोंदीत ‘अमुक झुडपावर मिळाला’ असंच लिहा, ‘अमुक झुडपावर वाढतो’ असं लिहू नका.

प्रश्न : शेंगा पिशवीत भरून ठेवल्या होत्या. निम्म्यांना बुरशी लागली आणि उरलेल्यांतून काहीच निघालं नाही. शेंगेतून सोंडे वाढवायची योग्य पद्धत सांगाल का?

दोन चुका एकत्र झालेल्या दिसतात. पिशवी प्लास्टिकची असावी आणि शेंगा फार कोवळ्या तोडल्या असाव्यात. हिरवी शेंग प्लास्टिकमध्ये घाम सोडते आणि एक-दोन दिवसांत बुरशी धरते. कोवळी शेंग झाडापासून तुटली की बी पोसणं थांबतं, ती आक्रसते आणि आतली अळी उपाशी मरते.

आधी या कीटकाचं चक्र समजून घ्या, म्हणजे तोडणीची वेळ आपोआप कळेल. प्रौढ सोंडे थंडी झुडपावर किंवा त्याच्या आसपास काढतात. वसंतात ते फुलं आणि कोवळे शेंडे कुरतडतात, त्यांच्यावर बारीक भोकं दिसू लागतात. मग मादी सोंडेने कोवळ्या शेंगेला भोक पाडते, वळते आणि भोकातून आत अंडी घालते. हे भोक पुढे भरून येतं, त्यामुळे पिकलेल्या शेंगेवर बाहेरून काहीच खूण सापडत नाही. अळी बिया खाते, तिथेच कोष करते आणि कोषातून प्रौढही तिथेच बाहेर येतो. मात्र शेंगेची भिंत पोखरून तो निघत नाही. शेंग वाळून तडकते तेव्हा बियांबरोबर तोही बाहेर फेकला जातो. शेंग तडकली नाही तर तो आतच अडकतो.

म्हणून शेंगा हिरव्या रंगावरून करड्या-तपकिरी होऊ लागल्या, पण झुडपावर पहिली शेंग अजून तडकलेली नाही, अशा वेळी तोडा. ऊन चढल्यावर तडकणं सुरू होतं, तेव्हा सकाळी लवकर जा. जाड कातडी हातमोजे आणि छोटी कात्री न्या. एका ठिकाणची किमान दहा झुडपं निवडा, प्रत्येकाच्या चारही बाजूंनी आणि वेगवेगळ्या उंचीवरून मिळून पाच-दहा शेंगा घ्या. प्रत्येक झुडपाच्या शेंगा वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा आणि झुडपाचा क्रमांक पाकिटावर पेन्सिलने लिहा.

घरी आणल्यावर शेंगा एका थरात, रुंद तोंडाच्या बरणीत पसरा. तळाशी टिपकागद आणि तोंडावर अगदी बारीक विणीचं कापड रबरबँडने घट्ट बांधा. मच्छरदाणीची जाळी चालत नाही, दोन मिलिमीटरचा सोंड्या तिच्यातून सहज निघून जातो. बरणी थेट उन्हात ठेवू नका, पण हवेशीर जागी ठेवा. शेंगा तडकताना बिया आणि कीटक जोरात उडतात, म्हणून कापड काढण्याआधी बरणी हलकेच आपटून सगळं तळाशी आणा.

पहिले दोन आठवडे दररोज पाहा. त्यानंतर ज्या शेंगा तडकल्या नाहीत त्या शिवणीवर नखाने किंवा बोथट सुईने उघडा. आत पांढरट, मऊ, नुकताच कोषातून निघालेला सोंड्या दिसला तर लगेच मारू नका. त्याचं कवच कडक व्हायला आणि रंग चढायला काही दिवस लागतात. घाई केली तर वाळल्यावर नमुना सुरकुततो आणि खवल्यांचा रंगही कळत नाही. कोरड्या कागदाचा तुकडा घातलेल्या छोट्या कुपीत, यजमानाच्या ताज्या शेंड्याबरोबर त्याला आठवडाभर जिवंत ठेवा.

बरणीत चकचकीत, हिरवट झाक असलेल्या चिमुकल्या गांधीलमाश्या दिसल्या तर त्या फेकू नका. टेरोमॅलस सिक्वेस्टर ही परजीवी माशी गॉर्सच्या शेंगेतल्या सोंड्यांच्या अळ्यांवर जगते. तिचा आकडा नसेल तर ‘शेंगांत सोंडे कमी निघाले’ याचा अर्थ लावता येत नाही. कदाचित सोंडे पुरेसे होते आणि माश्यांनी ते मारले.

प्रश्न : हे सोंडे घरातल्या साठवलेल्या धान्यात किंवा डाळीत पसरतील का?

नाही. अंडी घालायला त्यांना झाडावर वाढणारी हिरवी शेंग लागते, आणि तीही त्यांच्या ठरलेल्या यजमानाची. वाळलेल्या बियांत त्यांची पुढची पिढी होत नाही. साठवणीत पिढ्यान्पिढ्या वाढणारे कडधान्यातले भुंगेरे हा वेगळाच गट आहे.

प्रश्न : बियांचं नुकसान किती झालं हे टक्केवारीत मांडायचं आहे. किडलेल्या शेंगा मोजायच्या की बिया?

दोन्ही मोजा आणि वेगळे लिहा. ‘शंभरातल्या साठ शेंगांत सोंडे’ याचा अर्थ साठ टक्के बिया गेल्या असा नसतो. गॉर्सच्या शेंगेत बिया थोड्या असतात. कधी अळ्या सगळ्या खातात, कधी एखादी-दुसरी धड उरते.

फक्त बंद शेंगा घ्या. तडकलेल्या शेंगेतले पुरावे उडून गेलेले असतात. प्रत्येक शेंग पांढऱ्या बशीत एकेक करून उघडा आणि बियांचे तीन वर्ग करा : धड भरलेल्या, खाल्लेल्या आणि मुळातच न भरलेल्या. घोळ होतो तो तिसऱ्या वर्गात. परागीभवन अपुरं झालं किंवा पाणी कमी पडलं तरी बी चपटं आणि सुरकुतलेलं राहतं. त्याच्याजवळ कीटकाची विष्ठा किंवा भुसा नसेल तर त्याचा दोष सोंड्याच्या नावावर टाकू नका.

खाल्लेलं बी कोणी खाल्लं हेही पाहा. सोंड्याची अळी पांढरी, बिनपायाची, वाकलेली, तपकिरी डोक्याची असते आणि जन्मभर एकाच शेंगेत राहते. सिडिया सक्सेडाना या पतंगाची अळीही गॉर्सच्या शेंगा खाते, पण तिला पाय असतात, ती वळवळत चालते आणि एक शेंग संपली की दुसरीत जाते. शेंगेच्या भिंतीला आरपार भोक आणि आत विष्ठेचे दाणे, पण अळी नाही, असं दिसलं तर पतंगाचा संशय आधी घ्या. ब्रूमवर ब्रुकिडियस व्हिलोसस हा भुंगेराही असतो. त्याची मादी शेंगेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर अंडी घालते, अळी एकाच बीत राहते आणि प्रौढ निघाल्यावर बीला स्वच्छ गोल भोक दिसतं. सोंड्याने खाल्लेल्या बीची कड अशी नेटकी नसते.

सरासरी काढताना सगळ्या झुडपांच्या शेंगा एकत्र करू नका. झुडपाझुडपात फार मोठा फरक असतो आणि तो फरकच बहुतेक वेळा खरी माहिती असतो. पुढच्या प्रश्नात त्याचं कारण आलं आहे.

प्रश्न : एकाच उतारावर, वीस पावलांच्या अंतरात, एका गॉर्सच्या बहुतेक शेंगा किडलेल्या आणि दुसऱ्याच्या जवळजवळ धड. मातीत फरक दिसत नाही. मग असं का?

दोन्ही झुडपं कधी फुलली ते पाहा. फ्रान्समधल्या ब्रिटनी भागात या गोष्टीचा सविस्तर अभ्यास झाला आहे. तिथे युलेक्स युरोपियसची काही झुडपं शरदात किंवा हिवाळ्यात फुलू लागतात आणि वसंतापर्यंत थोडी-थोडी फुलत राहतात, तर काही फक्त वसंतात, एकदम भरगच्च फुलतात. ही सवय बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे.

युलिसिस सोंड्याची वर्षात एकच पिढी होते आणि मादी वसंतातच अंडी घालते. हिवाळ्यातल्या फुलांच्या शेंगा तोपर्यंत पुढे गेलेल्या असतात, त्या वेळेच्या जोरावर सुटतात. पण थंडीत परागीभवन करणारे कीटक कमी असतात आणि गारठ्याने फुलं वायाही जातात, त्यामुळे या शेंगा मुळात कमी धरतात. वसंतात फुलणाऱ्या झुडपाची पद्धत उलट. ते थोड्या दिवसांत एवढ्या शेंगा धरतं की उपलब्ध माद्यांना सगळ्यांपर्यंत पोचणं जमत नाही. किडलेल्या शेंगा असतात, पण धड शेंगाही भरपूर उरतात. दोन्ही मार्गांनी बिया वाचतात, म्हणून दोन्ही प्रकारची झुडपं टिकून आहेत.

तेव्हा नोंदवहीत प्रत्येक झुडपापुढे पहिल्या फुलाची तारीख, भर बहराची तारीख आणि पहिल्या हिरव्या शेंगेची तारीख लिहा. एका फेरीत हे होत नाही, फुलोऱ्याच्या काळात दर पंधरा दिवसांनी त्याच झुडपांकडे जावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण या तीन तारखा नसतील तर किडीची टक्केवारी फारसं काही सांगत नाही.

प्रश्न : न्यूझीलंडमध्ये गॉर्स आटोक्यात आणायला हे सोंडे सोडले होते असं वाचलं. इतक्या वर्षांनंतरही गॉर्स तिथे पसरलेलाच आहे. मग हा प्रयोग फसला का?

सोंड्याने स्वतःचं काम केलं. त्याच्याकडून अपेक्षा मात्र चुकीची ठेवली गेली. एक्सापिऑन युलिसिस न्यूझीलंडमध्ये 1931 मध्ये सोडला. त्या काळी गॉर्स शेतांच्या जिवंत कुंपणासाठी लावत असत, म्हणून झाड मारणारा कीटक कोणाला नको होता. फक्त बी खाणारा, म्हणजे कुंपण राहील पण पसरणार नाही, असा कीटक निवडला गेला. टास्मानियात तो 1939 मध्ये गेला आणि कॅलिफोर्नियात 1953 मध्ये. सोंडे या ठिकाणी चांगले रुजले, वसंतातल्या शेंगांची मोठी हानीही करतात.

अडचण तारखांची आहे. न्यूझीलंडच्या बऱ्याच भागांत गॉर्स वसंतात आणि पुन्हा शरदात फुलतो. शरदातल्या शेंगांच्या वेळी सोंड्याच्या माद्या अंडी घालत नाहीत, त्यामुळे ते पीक जवळजवळ पूर्ण सुटतं. ही फट भरायला 1992 मध्ये सिडिया सक्सेडाना पतंग सोडला, कारण त्याच्या वर्षात दोन पिढ्या होतात. नंतर हा पतंग काही इतर शिंबावर्गीय वनस्पतींवरही मिळाला. ब्रुकिडियस व्हिलोससच्या बाबतीतही असंच झालं, ब्रूमसाठी आणलेला हा भुंगेरा तिथे टॅगासास्टे या चारापिकाच्या शेंगांतही वाढू लागला. पाहुणा कीटक सोडण्याआधी यजमानांची चाचणी किती कसून हवी, यासाठी ही दोन उदाहरणं लक्षात ठेवावीत.

दुसरी अडचण जमिनीत आहे. गॉर्सच्या बीचं कवच कठीण असतं आणि मातीत ती काही दशकं जिवंत राहते. आग लागली किंवा माती उकरली गेली की ती एकदम उगवते. आज शेंगेतल्या दहातल्या आठ बिया खाल्ल्या गेल्या तरी खाली आधीच पडलेला साठा शाबूत असतो, आणि उभं झुडूप तर सोंड्याला मोजतच नाही. म्हणून बीभक्षी कीटकाचा उपयोग नवीन जागी पसरण्याचा वेग कमी करण्यापुरता धरावा. उभी झुडपं तोडणं, फुटवे पुन्हा येऊ न देणं, उगवलेली रोपं दरवर्षी उपटणं आणि जमीन दुसऱ्या दाट वनस्पतींच्या सावलीत आणणं, हे माणसालाच करावं लागतं. चिली, हवाई, श्रीलंकेतली हॉर्टन प्लेन्स, आपल्याकडचा नीलगिरी, जिथे-जिथे गॉर्स घुसला आहे तिथे हे गणित सारखंच आहे.

प्रश्न : तांबड्या क्लोव्हरच्या बियाणाच्या शेतात फुलांच्या गोंड्यांत बारीक अळ्या मिळाल्या. त्याही एक्सापिऑनच्या का?

नाही, त्या बहुधा प्रोटापिऑन या शेजारच्या वंशाच्या. तांबड्या क्लोव्हरवर प्रोटापिऑन ट्रायफोलाय आणि प्रोटापिऑन ॲप्रिकन्स, पांढऱ्यावर प्रोटापिऑन फुल्व्हिपीस. इथे अळी एका बंद शेंगेत अडकलेली नसते, गोंड्यातल्या एका फुलातून दुसऱ्या फुलात जात बिया खाते. पहिली कापणी गोंडे पिकण्याआधी करून चारा शेतातून उचलून नेला तर त्यातल्या अळ्यांची वाढ पुरी होत नाही. बी दुसऱ्या बहराचं धरावं, आणि नवं शेत गेल्या वर्षीच्या क्लोव्हरला लागून घेऊ नये.

प्रश्न : बागेतल्या हॉलिहॉकच्या बियांना भोकं पडतात. बी पुढच्या वर्षासाठी ठेवायचं आहे. काय करावं?

हा ऱ्होपालापिऑन लाँजिरोस्ट्रे, याच उपकुळातला. राखाडी केसाळ अंग, तांबूस पाय आणि मादीची सोंड जवळजवळ उरलेल्या शरीराएवढी लांब. ती कळीत खोल भोक पाडून अंडी घालते. अळी एका बीत वाढते आणि प्रौढ गोल भोक पाडून निघतो. पानांवरची बारीक भोकं दिसायला वाईट असतात, पण झाडाला त्याने फारसं होत नाही. खरं नुकसान बियांचंच.

फुलोऱ्याच्या आधीपासून सकाळी गारव्यात कळ्यांचे दांडे पांढऱ्या कापडावर झटका. हे सोंडे धक्का लागला की पाय आखडून खाली पडतात, मग ते साबणाच्या पाण्यात टाका. कळ्या असताना दर दोन-तीन दिवसांनी हे केलं तर फरक पडतो, आठवड्यातून एकदा केल्याने पडत नाही. बी धरायचं नसेल तर फुलं सुकताच दांडे कापा आणि बागेतून बाहेर काढा. झाडाखाली टाकलेल्या दांड्यांतून सोंडे निघून पुन्हा त्याच झाडावर येतात.

बी धरायचं असेल तर बोंडं तपकिरी होताच तोडून कागदावर, सावलीत, निदान दोन आठवडे वाळवा. बी दाताखाली किंवा नखाने दाबल्यावर दबता कामा नये, ती कडक लागली पाहिजे. ओलसर बी गोठवली तर आतला अंकुर मरतो आणि लोक दोष शीतपेटीला देतात. भोक असलेल्या बिया वेगळ्या काढा. उरलेल्या हवाबंद डब्यात घालून उणे 18 अंशांवर सात दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका, चोवीस तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड बियांवर हवेतला ओलावा धरतो. मग दहा-वीस बिया ओल्या कागदात उगवून पाहा. बाहेरून धड दिसणाऱ्या काही बियांत अळी आधीच मेलेली असते आणि आतून त्या पोकळ असतात. त्या किती आहेत ते या उगवण चाचणीत कळेल, आणि त्या प्रमाणात पेरताना बी जास्त टाका.